शंभरात एक: डॉ. फ्रँक जोब आणि कोपरातली उसनी दोरी

मराठीत आपण ‘शीर’ या एका शब्दावर किती कामं लादतो! रक्त काढताना सापडत नाही ती शीर. पायाला मुंग्या आल्या की दबलेली असते तीही शीरच. झोपेत पोटरीत गोळा आला की शिरेवर शीर चढलेली. आणि मनगट जरा वाकवलं की कातडीखाली दोरीसारखी ताठ उभी राहते, तिलाही आपण बिनदिक्कत शीर म्हणतो. यातली पहिली रक्तवाहिनी, दुसरी नस म्हणजे मज्जातंतू, तिसऱ्या प्रकारात खरं तर स्नायू आखडलेला असतो, आणि चौथी या सगळ्यांपेक्षा वेगळीच. हा लेख त्या चौथीबद्दल आहे, आणि तिला उचलून भलत्याच जागी नेऊन बसवणाऱ्या एका अमेरिकन डॉक्टरबद्दल.

आधी ती तुमच्या हाताला आहे का ते बघून घ्या. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा. अंगठ्याचं आणि करंगळीचं टोक एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आपल्याकडे वाकवा. मधोमध एक बारीक दोरी वर आली? ती पाल्मारिस लाँगस नावाच्या एका छोट्या स्नायूची. आली नाही तरी घाबरू नका. साधारण सातांत एका माणसाला ती नसतेच, आणि बहुतेकांना हे जन्मभर कळतही नाही. असलेली काढून टाकली तरी मुठीच्या पकडीत जाणवेल असा फरक पडत नाही. शरीरात इतकी निवांत बसलेली वस्तू क्वचितच सापडते.

२५ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातल्या इंगलवुड इथे, सेंटिनेला रुग्णालयात, डॉ. फ्रँक जोब यांनी एका बेसबॉलपटूच्या उजव्या मनगटातली ही दोरी काढली आणि त्याच्याच डाव्या कोपरात बसवली. तोपर्यंत चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर असं कुणी करून पाहिलं नव्हतं. क्रीडावैद्यकाच्या इतिहासात त्या दिवसाआधीचं आणि नंतरचं असे सरळ दोन भाग पाडता येतात. पण असं झालं तरी काय त्या खोलीत, हे कळायला आधी कोपराची रचना थोडी समजून घ्यावी लागेल.

शरीरात दोन प्रकारच्या दोऱ्या आहेत. टेंडन स्नायूला हाडाशी बांधतं, लिगामेंट हाडाला हाडाशी. टेंडनचं काम ओढायचं: स्नायू आखडतो, दोरी ताणली जाते, हाड हलतं. लिगामेंटचं काम बरोबर उलटं, अडवायचं. सांधा ज्या दिशेला जाऊ नये त्या दिशेला तो जाऊ लागला की लिगामेंट त्याला रोखून धरतं. कोपर म्हणजे दाराची बिजागरी समजा. दार पुढेमागे उघडावं, पण वरखाली डुगडुगू नये. कोपराच्या आतल्या बाजूला दंडाच्या हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथून निघून खालच्या हाडाला जाऊन मिळणारं एक छोटंसं लिगामेंट आहे. हात बाहेरच्या दिशेला फाकू लागला की तेच त्याला आवरतं. वैद्यकीय भाषेत अल्नर कोलॅटरल लिगामेंट. त्याच उंचवट्याच्या मागून एक नस जाते. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, ती हीच. तिची आठवण ठेवा, ती पुढे त्रास देणार आहे.

तुमच्या-माझ्या आयुष्यात या लिगामेंटला फारसं काम पडत नाही. जड पिशवी उचला, दार ढकला, लिहा, स्वयंपाक करा, ते शांत असतं. ते फाटलेली माणसंही रोजचे व्यवहार बऱ्यापैकी करू शकतात. त्याची खरी परीक्षा होते ती डोक्यावरून जोरात फेकताना.

बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, साधारण १४५ ग्रॅमचा चेंडू १८.४४ मीटरवरच्या फलंदाजाकडे ताशी १४५ ते १६० किलोमीटर वेगाने टाकतो. फेकीची ताकद पायांतून सुरू होते, कमरेतून वर चढते, धड वळतं, खांदा पुढे येतो. पण चेंडू धरलेला पंजा अजून मागेच रेंगाळलेला असतो. चाबकाच्या टोकासारखा. या क्षणी दंड पुढे झेपावतोय आणि कोपराखालचा हात मागे पडलाय, आणि सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. अमेरिकन अभ्यासकांनी १९९५ साली हा ताण मोजला, तेव्हा तो सुमारे ६४ न्यूटन-मीटर भरला. हा आकडा असा डोळ्यांसमोर आणता येईल: कोपरापासून एक फुटावर २१ किलोचं वजन टांगलंय आणि ते कोपराला बाजूने फाकवू पाहतंय. तेही एका सामन्यात शंभरेक वेळा.

आता गंमत अशी, की मृतदेहांच्या कोपरांवर केलेल्या चाचण्यांत हे लिगामेंट एकटं असेल तर साधारण ३२ ते ३४ न्यूटन-मीटरलाच तुटतं. मग पिचरचा हात पहिल्याच चेंडूला का तुटत नाही? कारण लिगामेंटच्या बाजूने जाणारे कोपराखालच्या हाताचे स्नायू आणि हाडांची एकमेकांत अडकणारी ठेवण मिळून ओझं वाटून घेतात. स्नायू थकले की त्यांचा वाटा कमी होतो आणि तो लिगामेंटच्या माथी येतो. म्हणून या दुखापतीत एका चेंडूपेक्षा वर्षानुवर्षांची थकावट जास्त दोषी असते. दोरीचा एकेक पदर आधीच झिजून सुटलेला असतो. शेवटचा तेवढा मैदानात सगळ्यांदेखत तुटतो.

क्रिकेट पाहणाऱ्यांच्या मनात इथे शंका येईल: मग आपल्या वेगवान गोलंदाजांची कोपरं अशी का जात नाहीत? कारण क्रिकेटचा नियमच कोपर झटक्याने सरळ करू देत नाही, १५ अंशांपर्यंतच सूट आहे. हात जवळजवळ सरळ ठेवून फिरवायचा असल्याने वेगाची किंमत वेगळ्या अवयवाला मोजावी लागते, बहुतेकदा कमरेच्या मणक्याला. प्रत्येक खेळ शरीराचा एखादा कोपरा निवडून तिथेच वसुली करतो.

तर बेसबॉलमध्ये ही वसुली होत होती आणि तिच्यावर इलाज नव्हता. पिचरचा ‘हात मेला’ असं म्हणायचे आणि तो घरी जायचा. बर्फ, मालीश, कॉर्टिसोनची इंजेक्शनं, विश्रांती, एवढंच हाताशी होतं. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा सँडी कोफॅक्स हा त्या काळातल्या सर्वांत मोठ्या पिचरांपैकी एक. त्याचं डावं कोपर संधिवाताने सुजायचं. सामन्याआधी मिरचीच्या अर्काचं जळजळीत मलम, सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यात हात, मध्ये गोळ्या आणि इंजेक्शनं. १९६६ च्या हंगामात त्याने २७ सामने जिंकले आणि वयाच्या तिशीतच निवृत्ती जाहीर केली. हात आयुष्यभरासाठी निकामी होण्याची भीती होती. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर होते रॉबर्ट केर्लन, आणि केर्लन यांचे नवे भागीदार होते फ्रँक जोब.

जोब तेव्हा तरुण नव्हते. त्यांचा इथवरचा रस्ताच आडवळणाचा. जन्म १६ जुलै १९२५, नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोचा. अठराव्या वर्षी सैन्यात भरती झाले आणि १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये वैद्यकीय सामान पुरवण्याच्या कामावर लागले. १९४४ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या बॅस्टोनच्या वेढ्याच्या वेळी ते जर्मन सैनिकांच्या हाती सापडले आणि थोड्याच वेळात निसटले. त्या युद्धाने त्यांना ब्राँझ स्टार पदक दिलं, पण त्याहून मोठी गोष्ट दिली ती म्हणजे जवळून पाहिलेले सर्जन. तंबूत, थंडीत, तोफांच्या आवाजात उभं राहून माणसं शिवणारे डॉक्टर पाहिले आणि आपणही हेच करायचं असं या पोराने ठरवलं.

युद्धानंतर कॅलिफोर्नियात, लोमा लिंडाच्या महाविद्यालयात वैद्यकीचं शिक्षण झालं. मग लगेच हाडांचे डॉक्टर? नाही. शिक्षणाचं कर्ज फेडायचं होतं, म्हणून तीन वर्षं साधी फॅमिली डॉक्टरकी केली, आणि त्यानंतर ऑर्थोपेडिक्सकडे वळले. केर्लन यांच्याबरोबर १९६५ साली त्यांनी भागीदारीत दवाखाना काढला तेव्हा चाळिशी आली होती. पुढे तो केर्लन-जोब क्लिनिक म्हणून जगभर ओळखला गेला. फक्त खेळाडूंच्या दुखापती हाच विषय घेऊन बसायचं, ही कल्पना तेव्हा नवीन होती. खेळाडूला दुखलं तर नेहमीच्याच ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे जायचं, आणि तो म्हणायचा, खेळू नका. पण ‘खेळू नका’ हे खेळाडूच्या बाबतीत औषध कसं होईल? तो तर निकाल झाला.

जोडीही मजेशीर होती. केर्लन बोलघेवडे, खेळाडूंचे लाडके. जोब मितभाषी, हळू आवाजात बोलणारे. केर्लन यांना संधिवाताने गाठलं होतं, पुढे कुबड्या आल्या, त्यामुळे शस्त्रक्रियेचं काम अधिकाधिक जोब यांच्याकडे सरकलं. दुसऱ्यांचे सांधे दुरुस्त करणाऱ्याच्याच सांध्यांनी साथ सोडावी, हा योगायोग क्रूर म्हणायचा.

१७ जुलै १९७४. डॉजर्स विरुद्ध मॉन्ट्रियल एक्सपोज. डावखुरा पिचर टॉमी जॉन, वय ३१, ऐन भरात होता: हंगामात १३ विजय, ३ पराभव. एक चेंडू टाकला आणि कोपरात काहीतरी सुटल्यासारखं झालं. पुढचा टाकून पाहिला, तेच. तो चालत मैदानाबाहेर आला. काही आठवडे विश्रांती घेऊन पुन्हा फेकून पाहिलं; हातात जोरच उरला नव्हता. लिगामेंट पूर्ण तुटलं होतं.

जोब यांनी जो विचार केला तो ऐकताना अगदी साधा वाटतो. तुटलेली दोरी शिवण्याजोगी नसेल, तर दुसरी दोरी घालू. पोलिओच्या रुग्णांमध्ये सर्जन मंडळी असं काहीसं आधीपासून करत होती: लुळ्या पडलेल्या स्नायूचं काम शेजारच्या चांगल्या स्नायूच्या टेंडनला लावून द्यायचं. हाताच्या शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ तुटलेल्या टेंडनच्या जागी दुसरीकडचा तुकडा वापरत. म्हणजे सुतारकाम माहीत होतं, लाकूड माहीत होतं. या दाराला ते कुणी लावून पाहिलं नव्हतं, एवढंच. हस्तशल्यचिकित्सक डॉ. हर्बर्ट स्टार्क यांना त्यांनी सोबत घेतलं.

टॉमी जॉनला त्यांनी शक्यता सांगितली: पुन्हा पिचर म्हणून उभा राहशील याची संधी शंभरात एक. शस्त्रक्रिया केली नाही तर शून्य. मला वाटतं जोब यांची सगळी कारकीर्द या एका वाक्यात आहे. नवीन काही करून बघण्याची हौस असलेला डॉक्टर ‘आपण ठीक करू हो’ असं म्हणाला असता. घाबरट डॉक्टरने करूच नका म्हटलं असतं. जोब यांनी खरा आकडा समोर ठेवला, आणि तोही जाणूनबुजून कमीच धरला असावा. जॉनने हो म्हटलं.

आत पाहिलं तेव्हा जोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग वरच्या आणि खालच्या हाडात ड्रिलने भोकं पाडली, मनगटातून काढलेली दोरी त्या भोकांतून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ओवली, ताण जुळवला आणि शिवली. वाटेत येणाऱ्या स्नायूंना हाडापासून सोडवून बाजूला करावं लागलं होतं, त्या नाजूक नसेलाही जागेवरून हलवावं लागलं होतं. शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या सुरळीत झाली.

आणि मग नस रुसली. पंजा बधिर झाला, बोटं वाकडी होऊन पक्ष्याच्या नख्यांसारखी आखडली, चिमटीत काही धरवेना. डिसेंबरात नसेसाठी पुन्हा शस्त्रक्रिया झाली. नसा वाढतात त्या मुंगीच्या पावलाने, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपरापासून बोटांपर्यंतचं अंतर त्या हिशेबाने मोजून बघा. १९७५ चा पूर्ण हंगाम गेला. टॉमी जॉन मऊ गोळा दाबायचा, बोटांना पट्टी बांधून चेंडू धरायचा, भिंतीवर फेकायचा. संघातला सहकारी पिचर माइक मार्शल शरीराच्या हालचालींच्या शास्त्राचा अभ्यासक होता. त्याने जॉनला फेकण्याची जरा वेगळी ढब शिकवली. पण बाकी सगळं म्हणजे वाट पाहणं.

वाट पाहावी लागते त्याला कारण आहे, आणि या शस्त्रक्रियेतला सर्वांत सुंदर भाग माझ्या मते तोच आहे. आपण याला ‘ग्राफ्ट’ म्हणतो, म्हणजे कलम. पण झाडाचं कलम जिवंत असतं, ते जिवंतच राहतं. इथे उलट होतं. मनगटातून काढलेल्या दोरीचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, त्यामुळे कोपरात गेल्यावर तिच्यातल्या बहुतेक पेशी मरतात. उरतो तो कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा निव्वळ सांगाडा, मालक सोडून गेलेल्या घरासारखा. मग आजूबाजूने बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात, त्यांच्या मागोमाग नव्या पेशी येतात. त्या जुने धागे काढून टाकतात आणि नवे विणतात. ही मोडतोड चालू असताना दोरी पहिल्या दिवसापेक्षाही कमजोर झालेली असते! खेळाडूला नेमकं तेव्हाच बरं वाटू लागतं, दुखणं थांबलेलं असतं आणि फेकायची खुमखुमी आलेली असते. धोका तिथे असतो.

नवे धागे कोणत्या दिशेने विणायचे हे पेशींना कसं कळतं? ताणावरून. ज्या दिशेने सांधा हलकासा ओढला जातो त्या दिशेने धागे रांगेत लागतात. म्हणून अजिबात हालचाल न करणंही चूक, आणि जास्त करणंही. आधी काही दिवस हात बांधून ठेवायचा, मग फक्त वाकवायचा-सरळ करायचा, मग हलका व्यायाम, साधारण चार-पाच महिन्यांनी जवळून सावकाश फेकी, आणि अंतर हळूहळू वाढवत नेत सामन्यात उतरेपर्यंत १२ ते १८ महिने. वर्षभरात टेंडनची वागणूक लिगामेंटसारखी होते. ओढणारी दोरी अडवायला शिकते, असं म्हणा ना. सर्जन टेबलापाशी दोनेक तास असतो. उरलेलं सगळं शरीर करतं, आणि त्याच्या मध्ये न येणं हे खेळाडूचं काम.

१६ एप्रिल १९७६ रोजी टॉमी जॉन पुन्हा मैदानात उतरला. तो सामना हरला, पण त्या हंगामात २०७ डाव टाकले, १० जिंकले, १० हरले. पुढच्या वर्षी, १९७७ ला, २० विजय. १९८९ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत तो खेळत राहिला. कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे.

इतकं घवघवीत यश मिळाल्यावर दुसऱ्या कुणी दुसऱ्याच आठवड्यात पाटी लावली असती. जोब दोन वर्षं थांबले. जॉनचा हात टिकतो का, हे पाहिल्याशिवाय त्यांनी दुसऱ्या कुणावर हे केलंच नाही. दुसरा पिचर ब्रेंट स्ट्रॉम, १९७८ साली. आणि तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, परतू शकला नाही. (पुढे तो पिचिंगचा नावाजलेला प्रशिक्षक झाला, ती गोष्ट वेगळी.) एकाचं यश, दुसऱ्याचं अपयश: एवढ्यावरून कुठलाही शहाणा माणूस निष्कर्ष काढणार नाही. जोब यांनी हा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात छापला तो १९८६ साली, पहिल्या शस्त्रक्रियेनंतर १२ वर्षांनी. १६ खेळाडू, त्यांतले १० आधीच्या पातळीवर परतले. नसेच्या तक्रारी बऱ्याच जणांना झाल्या होत्या, तेही त्यांनी त्यात लिहिलं.

ते लिहिलं म्हणून पुढच्यांना दुरुस्त करता आलं. नंतरच्या सर्जननी स्नायू हाडापासून सोडवण्याऐवजी त्याच्या धाग्यांमधून वाट काढायला सुरुवात केली, नसेला शक्यतो जागची हलवायचं नाही असं ठरवलं, हाडातली भोकं कमी केली. मनगटात दोरी नसेल त्यांच्यासाठी मांडीतलं ग्रॅसिलिस स्नायूचं टेंडन घेऊ लागले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ८३ टक्के खेळाडू आधीच्या किंवा त्याहून वरच्या पातळीवर परतलेले आढळले. शंभरात एकपासून इथवर.

जोब यांना या एकाच शस्त्रक्रियेने ओळखणं मात्र अन्यायाचं होईल. भारतातही ऑर्थोपेडिक्सचा कुठलाही विद्यार्थी खांदा तपासताना ‘जोब टेस्ट’ करतो: हात समोर, जरासा बाजूला, अंगठा जमिनीकडे, जणू हातातला डबा उपडा करतोय, मग डॉक्टर वरून दाबतो आणि रुग्णाने जोर लावायचा. दुखलं किंवा हात खाली आला तर खांद्यावरच्या सुप्रास्पिनॅटस या छोट्या स्नायूत गडबड आहे. हे जोब तेच.

खांद्याकडे ते वळले तेही शोधकाच्या वृत्तीने. सेंटिनेलातल्या प्रयोगशाळेत डॉ. जॅकलिन पेरी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पिचरांच्या स्नायूंत केसासारख्या बारीक तारा घालून, फेकताना कोणता स्नायू केव्हा जागा होतो याची विद्युत नोंद घेतली आणि सोबत वेगवान कॅमेऱ्याने चित्रणही केलं. दिसलं असं, की फेकीत दिसणारे मोठे स्नायू जोर देतात, पण खांद्याची गोटी खोबणीत धरून ठेवण्याचं आणि फेकून झाल्यावर सुसाट निघालेल्या हाताला ब्रेक लावण्याचं काम आतले छोटे स्नायू करतात. ब्रेक लावताना ते प्रचंड राबतात. त्यामुळे पिचरने जड वजनं उचलून छाती कमावण्यापेक्षा एक-दोन किलोच्या वजनाने या छोट्या स्नायूंचा कंटाळवाणा व्यायाम रोज करावा, असा सल्ला पुढे आला. आज फिजिओथेरपिस्ट खांदेदुखीवाल्या कुणालाही रबरी पट्टी हातात देऊन जे करायला लावतो, त्याच्या मागे असा बराच अभ्यास आहे.

१९९० साली डॉजर्सचाच ओरेल हर्शायझर खांदा घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी सलग ५९ डाव प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देण्याचा विक्रम केलेला माणूस. तेव्हाच्या पद्धतीत खांद्याच्या आत पोचायला पुढचा स्नायू कापावा लागे, आणि कापलेला स्नायू पुन्हा शिवला की खांदा घट्ट व्हायचा. रोजच्या आयुष्याला ते चाललं असतं, पिचरला नाही. जोब यांनी स्नायू न कापता त्याच्या धाग्यांच्या दिशेने फट पाडून आत जाऊन सैल झालेलं आवरण आवळलं. २७ एप्रिल १९९० ला शस्त्रक्रिया, २९ मे १९९१ ला हर्शायझर मैदानात. आधीचे विजय ९९, नंतरचे १०५. खांद्याची ही शस्त्रक्रिया कोपराच्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड होती असं मला वाटतं, पण तिला खेळाडूचं नाव चिकटलं नाही, म्हणून ती लोकांच्या लक्षात राहिली नाही.

कोपराच्या शस्त्रक्रियेला पडलेलं ‘टॉमी जॉन’ हे नाव मात्र घरोघरी पोचलं, जरा जास्तच. २०१२-१३ च्या सुमारास मेजर लीगमधल्या दर चार पिचरांमागे एकाची ही शस्त्रक्रिया झालेली होती. आणि एक विचित्र समज पसरला: शस्त्रक्रियेनंतर हात आधीपेक्षा वेगवान होतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत शाळकरी खेळाडूंपैकी ५१ टक्के जणांना वाटत होतं, की दुखापत नसली तरी खेळ सुधारण्यासाठी ही शस्त्रक्रिया करून घ्यावी. पालकांमध्येही ३७ टक्के! उसनी दोरी मूळच्या दोरीपेक्षा जोरदार नसते. परत आलेला पिचर वेगवान वाटतो, कारण लिगामेंट पूर्ण तुटण्याआधीची वर्षं तो दुखऱ्या हाताने खेळत असतो, आणि नंतर आयुष्यात पहिल्यांदाच वर्षभर शिस्तीत व्यायाम करतो. २००७ ते २०११ या काळात अमेरिकेत या शस्त्रक्रिया झालेल्यांत निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के, १५ ते १९ वर्षांचे होते. बारा महिने एकच खेळ, दुखत असताना फेकणं, वाढत्या वयात वेगाचा हट्ट. २०१४ साली मेजर लीगने आणि यूएसए बेसबॉलने मिळून वयानुसार दिवसाला किती चेंडू टाकावेत आणि मध्ये किती दिवस विश्रांती घ्यावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणजे पुन्हा तेच, थांबायचं कसं हे शिकवायला.

२०१३ च्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने, म्हणजे थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या संग्रहालयाने, जोब यांचा जाहीर सन्मान केला. ते नुकतेच ८८ वर्षांचे झाले होते. टॉमी जॉन शेजारी होता. त्यानंतर साधारण सातच महिन्यांनी, ६ मार्च २०१४ रोजी, सँटा मोनिकात जोब गेले. त्या संग्रहालयाच्या दालनात निवडलेल्या खेळाडूंच्या ब्राँझच्या पाट्या भिंतीवर आहेत. जोब यांची पाटी तिथे नाही. टॉमी जॉनचीही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये निवड समितीपुढे त्याचं नाव पुन्हा एकदा आलं, आणि पुन्हा मतं कमी पडली.